भाव पडला की मन का खचतं?

विट्यात एका वाचनालयाच्या कार्यक्रमात मी दुष्काळाच्या कथांवर बोललो होतो. बोलणं संपलं, आभार झाले, चहा फिरायला लागला, तेवढ्यात मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठून उभे राहिले. सगळी उमर गलाईच्या धंद्यात गेलेली. गलाई म्हणजे जुने दागिने आणि सोनारांच्या दुकानातला कचरा वितळवून त्यातून शुद्ध सोनं-चांदी काढणं. खानापूर-आटपाडी भागातली माणसं हा धंदा घेऊन देशभरातल्या शहरांत पोचली आहेत. ते म्हणाले, "सर, खिशात पैसा नसला की माणूस हबकतो, हे आमाला सांगाय नको. आमी ते बघितलंय. पर पैसा आल्यावरबी काही माणसं उठत न्हाईत. ती का?"

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. त्या प्रश्नाचं उत्तर या प्रकरणात नीट द्यायचा प्रयत्न करतो. त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. सातारा-सांगलीच्या मातीतल्या गोष्टी आणि एक-दोन सिनेमे पुरतात.

१. एक शब्द, तीन दुखणी

इंग्रजीत 'डिप्रेशन' हा एकच शब्द तीन ठिकाणी चालतो. बाजार बसला की डिप्रेशन, मन बसलं की डिप्रेशन आणि समुद्रावर हवेचा दाब कमी झाला की तेही डिप्रेशन. तासगावच्या द्राक्षबागाईतदाराला यातला तिसरा अर्थ सर्वांत आधी कळतो. बाग फुलोऱ्यात असताना बंगालच्या उपसागरात डिप्रेशन तयार झाल्याची बातमी आली, की तो औषधाची टाकी भरायला पळतो. तिकडे आटपाडीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हेच डिप्रेशन देवासारखं वाटतं, कारण त्याच्याकडे परतीचा पाऊस बऱ्याचदा त्यातूनच येतो.

मराठीने या तिघांना वेगळी नावं दिली: मंदी, कमी दाबाचा पट्टा आणि नैराश्य. सोय चांगली झाली, पण 'नैराश्य' हा शब्द पुस्तकातच राहिला. आमच्याकडे घरात कुणी तो वापरत नाही. "त्याचं मन लागंना", "घुम्यागत बसतोय", "जिवाला गोड लागंना" असं म्हणतात, आणि फारच झालं तर "बाहेरचं झालंय".

यातलं "गोड लागंना" मला फार नेमकं वाटतं. नैराश्य म्हणजे आशा नसणं, हा झाला शब्दाचा अर्थ. डॉक्टर मात्र आशेआधी चवीची चौकशी करतात. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरलाय का? झोप, भूक, ताकद, लक्ष लागणं यांत बिघाड आहे का? आपण कुचकामी आहोत, सगळी चूक आपली आहे, असं सारखं वाटतं का? जगणं नकोसं होतं का? मन उदास असणं किंवा रस आटणं, यांपैकी एक तरी गोष्ट आणि सोबत यातली बरीचशी लक्षणं जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, निदान दोन आठवडे टिकली, तर ते आजारपण मानतात. त्याहून कमी असलं तर ते बहुतेक वेळा दुःख असतं. दुःख होणं हा आजार नव्हे.

२. बाजार कसा आजारी पडतो

आता पहिलं दुखणं. आठवडी बाजार डोळ्यांपुढे आणा. शेतकऱ्याने शंभर रुपये देऊन वहाणा घेतल्या, वहाणा करणाऱ्याने तेच शंभर किराणावाल्याला दिले, किराणावाल्याने शिंप्याला आणि शिंप्याने भाजी घेताना पुन्हा शेतकऱ्याला. नोट एकच, पण तिने चार घरांच्या चुली पेटवल्या. आता शेतकरी म्हणाला, "औंदा राहू दे, जुन्याच वहाणा शिवून घालतो." त्याचं काही चुकलं नाही, काटकसर चांगलीच. पण ती नोट त्याच्या कनवटीला राहिली आणि बाकी तिघांचा बाजार बुडाला. पुढच्या आठवड्यात ते तिघेही हात आखडतात. अशा वेळी पैसा नाहीसा झालेला नसतो, तो जागच्या जागी बसून राहतो.

दुसरी गोष्ट कर्जाची. मंदीत मालाचा भाव पडतो, कर्ज मात्र पडत नाही. कऱ्हाडच्या एखाद्या शेतकऱ्याने गुळाच्या ढेपेला दहा रुपये भाव असताना शंभर रुपये उसने घेतले असं धरा. तेव्हा दहा ढेपा विकल्या की तो मोकळा होणार होता. भाव पाचावर आला की वीस ढेपा लागतात. रान तेवढंच, ऊस तेवढाच, बैल तेच, आणि कर्ज बसल्याजागी दुप्पट झालं.

१९२९ साली जगात महामंदी सुरू झाली. पुढच्या चार-पाच वर्षांत हिंदुस्थानात शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले, आणि सरकारने शेतसारा काही निम्मा केला नाही. मग घराघरातली एकच गोष्ट बाहेर निघाली, ती म्हणजे सोनं. १९३१च्या सप्टेंबरात इंग्लंडने पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली, सोन्याचा भाव चढला, आणि एरवी सोनं गिळणारा आपला देश सोनं बाहेर पाठवू लागला. त्या निर्यातीच्या आकड्यांच्या तळाशी बायकांच्या पुतळ्या आणि बोरमाळा होत्या, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सहसा एका वाक्यात उरकलेली असते.

३. राखेतलं सोनं

त्याच सुमारास वाटेगावचा एक पोरगा आईवडिलांबरोबर चालत मुंबईला गेला. वाटेगाव वाळवा तालुक्यात. आज जिल्हा सांगली, पण तेव्हा सातारा. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. हा पोरगा म्हणजे अण्णा भाऊ साठे, जन्म १ ऑगस्ट १९२०. शाळा जवळजवळ नाहीच. मुंबईत पडेल ते काम केलं, गिरणीत राबले, संप पाहिले. मंदी त्यांना पुस्तकात वाचायची गरज पडली नाही.

त्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा मी मंदीवरचं मराठीतलं सर्वांत चांगलं लेखन मानतो, आणि तिच्यात मंदीबद्दल एकही विधान नाही. भीमा वारणेकाठचा गडी, अंगाने राक्षसासारखा. मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीवर काम करतो, बायकापोरांत सुखी आहे. एक दिवस खाण बंद पडते. का पडली, कुणी पाडली, हे त्याला कुणी सांगत नाही. मंदी कामगारापर्यंत अशीच येते: काल काम होतं, आज नाही.

अंगात ताकद आहे आणि तिला गिऱ्हाईक नाही. तो हिंडता हिंडता स्मशानाशी बसतो आणि तिथे राखेत त्याला सोनं सापडतं. मेलेल्याच्या अंगावर राहिलेलं सोनं. मग तो रोज रात्री राख चाळायला जाऊ लागतो. घर पुन्हा चालतं, बायकोला दागिना येतो, पोरीच्या अंगावर नवे कपडे येतात. जिवंत माणसांच्या जगाने कामावरून काढलेला गडी मेलेल्यांच्या जोरावर संसार चालवतो.

शेवट ज्यांनी वाचलाय त्यांना सांगायला नको. ज्यांनी वाचला नाही, त्यांच्यासाठी एवढंच की एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो पुरलेलं प्रेत ताब्यात घेतो, तोंडात सोनं आहे का हे चाचपताना त्याची बोटं प्रेताच्या जबड्यात अडकतात, आणि ती पुढे कापावी लागतात. त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. पहाडाएवढा भीमा ते ऐकून लहान पोरासारखा रडतो.

विट्याच्या त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. काम परत आलं, पण कामाचे हात तेवढ्या काळात गेले होते. मंदी उठली की बाजार पूर्वपदावर येतो, हे वाक्य बाजारापुरतं खरं आहे. मधल्या महिन्यांत माणसाने काय काय विकलं, कुठे हात घातला, कुणासमोर मान खाली घातली, याची भरपाई भाव चढल्याने होत नाही.

याच लेखकाचा 'फकिरा' (१९५९) उपाशी गावासाठी धान्य लुटतो. भीमा आणि फकिरा यांची भूक सारखीच आहे. फकिराने ती बाहेर वळवली, भीमाची आत वळली. आपण पोवाडे फकिराचे गायले, त्याच्यावर सिनेमा काढला, आणि ते योग्यच. भीमाच्या वाट्याला मात्र शाळेच्या पुस्तकातला प्रश्न आला: भीमाचे व्यक्तिचित्र तुमच्या शब्दांत लिहा.

४. जगायला गेलेली वाडी

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि म्हसवड-दहिवडीकडे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक बरं साल म्हणतात. डोंगरांनी ढग पश्चिमेलाच पिळून घेतलेले असतात. या कोरड्या पट्ट्याला माणदेश म्हणतात. माण, खटाव हे त्याचे साताऱ्यातले भाग, आटपाडी सांगलीतला. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती.

आटपाडीजवळच्या माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी' १९५५ साली लिहिली. मेंढपाळ धनगरांच्या एका वाडीवर कोवळा शाळामास्तर जातो, पोरं गोळा करतो, गावाकडून तालीम बांधून घेतो, खुद्द औंधचे राजे ती बघायला येतात. वाडीला आकार येतोय असं वाटेपर्यंत पाऊस दडी मारतो. मेंढरं मरायला लागतात. एकेक घर सामान बांधतं आणि निघून जातं.

या निघून जाण्याला माणदेशात "जगायला जाणं" म्हणतात. "कुठं गेली वं समदी?" "जगायला गेली." हा शब्दप्रयोग ऐकताना मला नेहमी थबकायला होतं. म्हणजे इथे जे चाललं होतं ते काय होतं?

माडगूळकरांच्या लिहिण्यात कुणी ऊर बडवत नाही, आणि हीच त्यांची हातोटी आहे. १९९५ साली अमोल पालेकरांनी त्यावर सिनेमा केला, त्यातही रडारड नाही. धुळीत पाय ओढणारा कळप, बंद दारं, मास्तर आणि रिकामी शाळा. सामूहिक खचणं कसं दाखवायचं, तर माणसांचे चेहरे न दाखवता त्यांच्या जागा दाखवायच्या. कर्त्या पुरुषाचं मौन या भागात अब्रूचा भाग मानलं जातं, त्यामुळे लेखकाला त्याच्या तोंडून काही वदवता येत नाही.

याच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने तिथे १९३९ साली कैद्यांसाठी भिंती नसलेली वसाहत सुरू केली. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या व्ही. शांताराम यांच्या सिनेमाला त्या प्रयोगाचा आधार आहे आणि कथा ग. दि. माडगूळकरांची. माणूस खचला की त्याला उपदेशापेक्षा काम आणि विश्वास जास्त लागतो, हे त्या वसाहतीने दाखवलं. विषय सोडून जरा बाजूला गेलो, पण हे पुढे लागणार आहे.

५. विहिरीत पाणी आहे, पण चढत नाही

आतापर्यंतची माणसं परिस्थितीने खचली. उरलेलं अर्धं उत्तर शोधायला मात्र पोट भरलेल्या माणसाकडे जावं लागतं.

बा. सी. मर्ढेकर हे मूळचे साताऱ्याजवळच्या मर्ढे गावचे, त्यांचा जन्म १९०९ साली खानदेशातल्या फैजपूरचा. आयसीएसच्या परीक्षेसाठी महामंदीच्या काळात इंग्लंडात राहिले, ती परीक्षा काही साधली नाही, परतल्यावर प्राध्यापकी आणि पुढे आकाशवाणीची नोकरी. पगार वेळेवर येत होता. आणि १९४७ साली 'काही कविता' हे त्यांचं पुस्तक आलं, तेव्हा मराठी वाचक दचकला. पिंपात मरून पडलेले उंदीर हा कवितेचा विषय? त्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटलाही झाला आणि मर्ढेकर निर्दोष सुटले. अश्लीलतेने लोक बिथरले असं म्हणतात. मला वाटतं, खरा धक्का वेगळा होता. या उदासीला विरह, गरिबी, पारतंत्र्य यांपैकी कुठलंही सभ्य कारण नव्हतं. शहर चालू आहे, यंत्रं चालू आहेत, माणसंही चालू आहेत, आणि आत सगळं थिजलेलं आहे.

(कवितेवरून कवीच्या आजाराचं निदान करू नये. मर्ढेकरांना आजार होता असं मी म्हणत नाही. त्यांनी त्या अवस्थेला भाषा दिली, एवढंच.)

फरक समजायला आपल्याकडची मोटार बघा. उन्हाळ्यात विहीर आटली की पाणी येत नाही. पाऊस पडला, झरे फुटले, की येतं. हे झालं परिस्थितीचं दुःख. पण कधी विहीर तुडुंब असते, बटण दाबलं की मोटार गुरगुरते आणि पाइपातून थेंब येत नाही. खाली फूटव्हॉल्व्ह निकामी झालेला असतो. पाइपात पाणी धरून राहत नाही, मोटार नुसती हवा ओढते. बांधावर उभा राहून कुणी म्हणालं, "अरे, एवढं पाणी हाय विहिरीत, मग चढंना का?" तर तुम्ही त्याला हसाल. नैराश्याच्या रुग्णाला मात्र आपण तेच विचारतो: "एवढं सगळं हाय, मग रडतोस का?"

बऱ्याचदा दोन्ही एकामागून एक होतं. विहीर आटलेली असताना मोटार चालत राहते, कोरडी फिरून तापते, आणि आत काहीतरी जळतं. मग पाऊस पडतो, पाणी भरतं, पण मोटार गेलेली असते. गलाईवाल्या काकांनी पाहिलेली माणसं ही अशी असणार.

आपल्या सिनेमाला मात्र कारणाशिवायची उदासी फार दिवस झेपली नाही. नायक खचायचा तर प्रेमभंगाने, हातात बाटली घेऊन. दिलीपकुमारांनी अशा भूमिका इतक्या केल्या की त्यांना स्वतःला मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा लागला आणि मग ते 'आझाद'सारख्या हलक्याफुलक्या भूमिकांकडे वळले. पडद्यावरचा देवदास सगळ्यांनी डोक्यावर घेतला. पडद्यामागच्या माणसाने डॉक्टर गाठला, आणि तोच खरा उपयोगाचा धडा होता.

६. अमृतवेल

सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची 'अमृतवेल' (१९६७) इथे टाळता येणार नाही. होणारा नवरा गेल्यावर कोसळलेली नंदा, आणि स्वतःच्या दुःखापलीकडे पाहायला शिकणारं तिचं मन. आमच्याकडे कुणी उदास दिसलं की हे पुस्तक भेट द्यायची पद्धत आहे. दुःखात ते आधार देतं, याबद्दल शंका नाही. पण आजारात ते हातावर ठेवणं म्हणजे हाड मोडलेल्याला ग्लुकोज पाजण्यासारखं आहे. शिवाय वाचूनही बरं वाटलं नाही, की त्या माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी कमी पडलं.

७. नाव न विचारणारी बाई

मन बिघडलेल्या माणसाकडे मराठी सिनेमात सरळ पाहिलं ते सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी. 'देवराई' स्किझोफ्रेनियावर होता. 'कासव' (२०१६) थेट नैराश्यावर आहे आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं.

जगणं नकोसं झालेला एक तरुण भटकत, आजारी अवस्थेत जानकी नावाच्या बाईला सापडतो. ती त्याला कोकणातल्या समुद्रकाठच्या घरी आणते. ती स्वतः या दुखण्यातून गेलेली आहे. म्हणून की काय, ती त्याला विचारत नाही की तू कोण, कुठला, असं का केलंस. जेवण ठेवते, दार उघडं ठेवते. किनाऱ्यावर कासवांची अंडी जपण्याचं काम चाललेलं असतं. त्या कामात एक नियम आहे. घरट्याला कुंपण घालायचं, कोल्ह्या-कुत्र्यांपासून राखायचं, पण पिल्लू निघालं की समुद्रापर्यंत त्याचं त्यानेच चालायचं.

सिनेमा सावकाश जातो, काही जणांना कंटाळवाणाही वाटला. मला वाटतं, त्याची गती हाच त्याचा विषय आहे. या आजारातून माणूस पंधरा मिनिटांच्या भाषणाने उठत नाही. औषध लागतं, बोलणं लागतं, आणि सोबत बसणारं कुणी लागतं, ज्याला घाई नाही. अशी सोबत हाताशी नसेल, तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. २०२२च्या ऑक्टोबरपासून तो चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

८. छाटणी

तासगाव भागात माझ्या ओळखीचे एक द्राक्षबागाईतदार आहेत. एका साली अवकाळीत घड कुजले, बँकेचा हप्ता थकला. पुढच्या साली माल चांगला आला, दर मिळाला, हप्ता फिटला. सगळे म्हणाले, सुटलास. ऑक्टोबर आला. गोडी छाटणीचे दिवस. छाटणी लांबली की अख्खा हंगाम मागे सरकतो, हे त्यांच्या शाळकरी पोरालाही ठाऊक. ते रोज सकाळी कात्री घेऊन बागेत जायचे आणि वेलीखाली बसून राहायचे. दुपारी कात्री तशीच परत. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बोलायलाच तयार न्हाईत. जेवताना नुसतं भाकरीकडं बघत्यात."

मी त्यांना समजवायला गेलो आणि नेमकं तेच बोललो, जे बोलू नये: "आता तर पैसं आलं की, दादा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परक्या भाषेत बोलतोय.

सांगलीत डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, फरक दिसायला काही आठवडे लागतील. पण वेलींना ते कुठं माहीत? मग शेजारच्या चार घरांनी पैरा केला, म्हणजे मिळून हात लावला. दोन दिवसांत छाटणी उरकली. कुणी त्यांना उपदेश केला नाही, कुणी कात्रीही हातात दिली नाही. ते बांधावर बसून बघत होते.

महिना-सव्वा महिन्याने मी गेलो, तेव्हा फुटवे हातभर झाले होते आणि ते विरळणी करत होते, हळूहळू, एका ओळीत. वहिनींनी चहा आणला. एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"लई गोड केलाईस," ते म्हणाले.

वहिनी पदराआड हसल्या, आणि साखरेचा डबा घरात ठेवायला गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.